आंब्याच्या छाटणीसाठी वक्र करवत की कमानीची करवत?

हापूसच्या जुन्या कलमांची विरळणी करताना हाती कोणती करवत आहे, यावर काप किती स्वच्छ येतो आणि जखम किती लवकर भरते, हे बरेचसे अवलंबून असते. वक्र पात्याची घडीची करवत ओढताना कापते. ताण पडत असल्यामुळे तिचे पाते पातळ असूनही वाकत नाही, आणि दोन फांद्यांच्या अरुंद बेचक्यात ती सहज शिरते. कमानीची करवत दोन्ही दिशांनी कापते, म्हणून मनगटाएवढ्या जाड फांदीवर तिचा वेग अधिक. पण बेचक्यात कमान शेजारच्या फांदीला अडते आणि काप तिरका जातो, हाच तिचा मोठा दोष.

शिडीवर उभे राहून एका हाताने काम करायचे असेल, तर मी नि:संकोच वक्र करवतच घेईन. मात्र तिचे दाते कडक केलेले असल्यास कानशीने धार लावता येत नाही, पातेच बदलावे लागते. कमानीचे पाते तुलनेने स्वस्त मिळते.

करवत कोणतीही असो, जड फांदीला आधी खालून एक-तृतीयांश काप द्यावा, मग थोडे फांदीच्या टोकाकडे सरकून वरून कापावे, म्हणजे साल खोडापर्यंत सोलत जात नाही. उरलेला खुंट, फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगवट्याला न दुखावता, त्याच्या लगत बाहेरून काढावा आणि जखमेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी.