एक्सायटॉन-फोनॉन जोडणी मोजायची: अनुनादी रामन की तापमानानुसार दीप्ती?

मोलिब्डेनम डायसल्फाइडचा एकथरी नमुना हाताशी, पण वेळ एकाच मोजणीपुरता. एका विद्यार्थिनीची ही अडचण. तिला मोजायचंय ते एक्सायटॉन (प्रकाशाने उठलेला इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा यांची जोडी) आणि फोनॉन (स्फटिकातल्या अणूंचं कंपन) एकमेकांशी किती जोडलेत ते.

खटाटोप बघितला तर रामन (लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशातून कंपनं ओळखणं) सोपं, खोलीच्या तापमानालाही चालतं. दीप्तीसाठी (लेसर टाकल्यावर नमुना स्वतः सोडतो तो प्रकाश मोजण्यासाठी) क्रायोस्टॅट, म्हणजे नमुना थंड ठेवणारं उपकरण, हवा, शिवाय तापमान बदललं की फोकस पुन्हा लावा.

खरा फरक आहे तो काय कळतं यात. रामनमध्ये कंपनं सुटी दिसतात: अणू थरातच हलतात ते सुमारे ३८५ प्रति सेंटिमीटरला (कंपनाची वारंवारिता मोजायचं एकक), थराला लंब हलतात ते ४०४ च्या आसपास. ६३३ नॅनोमीटरचा लेसर लावा, एक्सायटॉनशी अनुनाद जुळतो (लेसरची ऊर्जा एक्सायटॉनच्या ऊर्जेजवळ येते) आणि ४५०च्या पुढे एरवी दबलेलं द्विफोनॉन (दोन फोनॉन एकदम गुंतलेलं) शिखर ठळक उठून येतं. मला हे दृश्य अजूनही सुंदर वाटतं.

दीप्ती कंपनं अशी वेगळी दाखवत नाही. तापमानाबरोबर एक्सायटॉनची वर्णपटातली रेषा किती रुंदावते, ते सांगते. मात्र उघड्या नमुन्यात ताण आणि अशुद्धींची रुंदीही त्यात मिसळते. षट्कोनी बोरॉन नायट्राइडच्या दोन थरांत नमुना बंद केलेला नसेल, तर त्या आकड्यावर मी विसंबत नाही.

कोणतं कंपन एक्सायटॉनशी जोडलंय हा प्रश्न असेल तर रामन. फोनॉनमुळे रेषा एकूण किती रुंदावते हा आकडा हवा असेल, आणि नमुना चांगला असेल, तर दीप्ती.