किचेन टॉर्चचे छोटे लिथियम सेल आणि १३० मिलिअँपिअरचं चार्जिंग : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

ऑगस्टमध्ये टीपी४०५६ चिपचं (लिथियम सेल चार्ज करणारी चिप) टाइप-सी बोर्ड घेतलं, त्यावरचा एक रेझिस्टर बदलला, आणि तेव्हापासून एप्रिलअखेरपर्यंत किचेन टॉर्चचे सगळे सेल त्याच्यावरच चार्ज होत आहेत. दोन १०४४० आणि एक १०१८० (हे आकडे सेलच्या मापाचे). निकाल आधीच सांगायचा तर, ज्यांच्याकडे मल्टिमीटर आणि बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न आहे त्यांनी बिनधास्त हेच करावं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी आतच बॅटरी असलेला यूएसबी टॉर्च घ्यावा. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

सगळा प्रश्न करंटचा आहे. १०४४० म्हणजे मापाने ट्रिपल-ए: १० मिमी जाड, ४४ मिमी लांब. खरी क्षमता ३०० ते ३५० एमएएच (मिलिअँपिअर-तास). वेष्टनावर १००० छापलेलं दिसलं तर तो सेल घेऊच नका, एवढ्याशा नळीत तेवढं मावत नाही. १०१८० तर जेमतेम १८ मिमी लांब, ७० ते १०० एमएएचचा. उलट बाजारातले बरेचसे चार्जर १८६५० सारख्या मोठ्या सेलचा विचार करून बनवलेले असतात आणि सरळ ५०० मिलिअँपिअर किंवा त्याहून जास्त सोडतात. मोठ्या सेलला ते काहीच नाही. पण ३५० एमएएचच्या सेलला ते दीडपटीच्या जवळ जातं आणि १०१८० ला पाचपट किंवा त्याहून जास्त. इतक्या घाईत लिथियमला सेलच्या मायनस बाजूच्या ग्राफाइटच्या थरांत शिरायला सवड मिळत नाही. तो पृष्ठभागावरच धातूच्या रूपात साचतो, क्षमता उतरत जाते आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका तयार होतो. आधीच्या चार खणांच्या चार्जरमध्ये हिरवा दिवा लागेपर्यंत १०४४० चांगलाच तापायचा आणि खणातच मीटर लावला की ४.२५ व्होल्ट दिसायचे. या सेलची मर्यादा ४.२० आहे. तो चार्जर आता फक्त मोठ्या सेलसाठी ठेवला आहे, तोही मीटर हाताशी ठेवून.

बोर्ड ५० रुपयांच्या आत मिळतं, नाशिकमध्ये सुट्या इलेक्ट्रॉनिक पार्टच्या दुकानात सहज. चिपच्या २ नंबरच्या पिनपासून निघणारी रेघ बघा. ती ज्या चिमुकल्या काळ्या रेझिस्टरला जाते आणि ज्याचं दुसरं टोक ग्राउंडला (बोर्डाच्या मायनसला) असतं, तोच करंट ठरवतो. बहुतेक बोर्डांवर त्याला आर३ म्हटलेलं असतं आणि अंगावर १२२ छापलेलं असतं: १२ पुढे दोन शून्यं, म्हणजे १२०० ओहम, म्हणजे १००० मिलिअँपिअर. तिथे १० किलोओहम बसवला की करंट १३० च्या आसपास येतो. ३५० एमएएचच्या सेलला हे झेपतं.

रेझिस्टर काढताना ओढू नका, पॅड (तो ज्यावर सोल्डर केलेला असतो तो तांब्याचा तुकडा) उखडून येतं. त्याच्यावर सोल्डरचा एकच मोठा थेंब असा ठेवा की दोन्ही टोकं एकदम वितळतील. मग तो थेंबावर तरंगतो आणि आयर्नच्या टोकाने बाजूला सरकतो. नवा रेझिस्टर चिप प्रकारचा (१०३ छापलेला) असेल तर उत्तम. नसेल तर साधा पाव वॉटचा, तपकिरी-काळा-नारिंगी पट्ट्यांचा, पाय आखूड कापून लावला तरी चालतो. मात्र लावून झाल्यावर ग्लू गनचा एक थेंब टाकून तो बोर्डाला पक्का करा, नाहीतर महिन्याभरात हलून हलून पॅड सुटतं.

काम बरोबर झालं की नाही हे बघायला सेलच्या सर्किटमध्ये मीटर घुसवायची गरज नाही. अर्धवट उतरलेला सेल लावून चार्जिंग सुरू करा आणि २ नंबरची पिन ते ग्राउंड असं व्होल्टेज मोजा. पूर्ण करंट चालू असताना तिथे १ व्होल्ट मिळायला हवा. सेल भरत आला की तो आकडा खाली खाली येतो आणि एक दशांशावर पोचला की चिप चार्जिंग बंद करते. सेलच्या आत काय चाललं आहे हे या पिनवर जितकं स्वच्छ दिसतं तितकं दिव्यावरून कधीच कळत नाही. १०१८० साठी दुसरं बोर्ड २२ किलोओहमचं केलं आहे, साधारण ५५ मिलिअँपिअरचं. चिपचा अधिकृत तक्ता १० किलोओहमलाच संपतो, म्हणून तिथे एकदा मीटर २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर ठेवून सेलच्या सिरीजमध्ये खरा करंट मोजून घ्यावा. त्या रेंजवर स्वस्त मीटर स्वतःच सुमारे १ ओहमचा अडथळा घालतो, तेव्हा मोजून झालं की लगेच काढा.

सेलसाठी एका ट्रिपल-एचा प्लास्टिक होल्डर पुरतो. लाल वायर बोर्डावरच्या बी-प्लसला, काळी बी-मायनसला. सेल उलटा बसला तर ही चिप जागीच जळते, तिला उलट जोडणीपासून संरक्षण नाही. म्हणून होल्डरच्या प्लस बाजूला जाड लाल खूण करा. १०१८० च्या होल्डरमध्ये उरलेल्या जागेत पितळी ठोकळा भरावा लागतो. स्प्रिंगला गंज किंवा चिकटपणा असेल तर व्होल्टेज तिथेच पडतं, चिपला सेल भरल्यासारखा वाटतो आणि चार्जिंग विनाकारण लांबतं. पावसाळ्यात हे दोनदा झालं. स्प्रिंग बारीक सँडपेपरने घासली की जमतं.

रिकामा १०४४० भरायला साडेतीन तासांच्या आसपास लागतात. मोबाइलवर ४ तासांचा गजर लावायचाच, कारण या चिपमध्ये टायमर नाही. सेल खराब असेल आणि करंट एक दशांशावर उतरलाच नाही, तर लाल दिवा रात्रभर तसाच राहील. दिवा निळा झाला की सेल काढून घ्या. तसाच ठेवला तर व्होल्टेज ४.०५ च्या आसपास उतरल्यावर चिप पुन्हा भरायला घेते. लाइट मध्येच गेली तर मात्र काही बिघडत नाही, आल्यावर जिथे होतं तिथून पुढे चालू होतं. काढल्यावर तासाभराने मोजलं की चांगला सेल ४.१६ ते ४.१९ दाखवतो. इथे एक फसगत होते: स्वस्त मीटरची ९ व्होल्टची बॅटरी उतरली की तो सगळंच वाढवून दाखवतो. सेल अचानक ४.३० दाखवू लागला तर आधी मीटरची बॅटरी बदलून बघा.

कमी करंटचा एक फायदा वापरताना लक्षात आला. १००० मिलिअँपिअरला ही चिप स्वतःच इतकी तापते की शेजारचा सेल गरम आहे की नाही ते बोटाला कळत नाही. १३० वर चिप जवळजवळ थंडच राहते. मग सेल जरा जरी कोमट लागला तरी दोष सेलचाच, तो तिथेच थांबवायचा.

हे सेल ० अंशाखाली आणि ४५ अंशांवर चार्ज करायचे नसतात. नाशिकला खालची मर्यादा सहसा अडत नाही. निफाडकडे जानेवारीत द्राक्षबागेत रात्रभर बाहेर राहिलेला टॉर्च घरात आणून तासभर ठेवावा, एवढंच. वरची मर्यादा मात्र एप्रिल-मे महिन्यांत रोज आड येते. दुपारी उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड किंवा स्कूटरची डिकी ४५ अंश केव्हाच ओलांडते, आणि तिथून काढलेला सेल थेट चार्जिंगला लावणं ही सगळ्यात वाईट सवय. उन्हाळ्यात चार्जिंग सकाळी नऊच्या आत, पत्र्याच्या खोलीत नाही. खाली फरशी किंवा मातीचं परळ ठेवावं. गादी, उशी, वर्तमानपत्र नको. बंद डबाही नको.

उतरवण्याचीही मर्यादा असते. १०४४० च्या आत बहुधा संरक्षक सर्किट नसतं आणि साध्या ट्रिपल-ए टॉर्चमध्ये लो-व्होल्टेज कटऑफही (सेल फार उतरला की टॉर्च आपोआप बंद होण्याची सोय) नसतो. उजेड मंदावला की सेल काढून मोजा, ३.० च्या आत असेल तर तिथेच थांबा. २ व्होल्टच्या खाली जाऊन काही दिवस पडून राहिलेला सेल पुन्हा भरू नका. आतलं तांबं विरघळतं आणि चार्ज करताना नको तिथे जमतं. टीपी४०५६ अशा सेललाही थोडा थोडा करंट देत राहते आणि दिवाही नेहमीसारखाच लागतो, त्यावर विसंबू नये. टॉर्च दोन-तीन महिने लागणार नसेल तर सेल ३.८ च्या आसपास ठेवून द्यावा.

टॉर्च मुळात १.५ व्होल्टचा आणि ३.७ व्होल्टचा असे दोन्ही सेल घेणारा आहे ना, हे आधी बघा. नसेल तर १०४४० एलईडीचं सर्किट जाळतो. टीव्हीच्या रिमोटमध्ये चुकून गेला तर रिमोटही जातो, म्हणून सेलवर मार्करने ३.७ लिहून ठेवलेलं बरं. सुटा सेल किल्ल्यांसोबत खिशात कधीच ठेवू नका. या नळीची प्लसच्या बटणाभोवतीची कडही मायनसच असते. वेष्टन तिथे फाटलं की एक किल्ली दोन्हींना टेकायला पुरते. फाटलेल्या वेष्टनाचा सेल नवी श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारं प्लास्टिकचं वेष्टन) चढवल्याशिवाय वापरायचा नाही.

बाद झालेला सेल घंटागाडीत टाकू नका, कचरा दाबला जाताना तो पेटू शकतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आता यूएसबी टॉर्चबद्दल. आत चपटी पाउच बॅटरी आणि चार्जिंग सर्किट असतं, त्यामुळे वरचं काहीच करावं लागत नाही. मोबाइलचा फास्ट चार्जर लावला तरी चालतो. उपकरणाने मागितल्याशिवाय तो ५ व्होल्टच्या वर जात नाही आणि करंट किती घ्यायचा ते टॉर्च ठरवतो. टाइप-सी ते टाइप-सी केबलने चार्जच होत नाही अशी तक्रार असेल तर टॉर्च बिघडलेला नाही. स्वस्त टॉर्चमध्ये बनवणाऱ्याने ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात, त्यामुळे चार्जरला समोर काही जोडलं आहे हेच कळत नाही. टाइप-ए ते टाइप-सी केबल लावा, लगेच सुरू होईल. टॉर्चची पाठ फुगलेली किंवा कव्हरची फट रुंदावलेली दिसली तर दाबून बसवू नका, टोचू नका, पुन्हा चार्जिंगला लावू नका. तोही ई-कचऱ्यातच द्यायचा.