राजारामपुरीतील रशियन संभाषणवर्ग : ‘हो’ म्हणण्याचे दोन रविवार

भाचीला वैद्यकीय शिक्षणासाठी कझानला जायचे असल्यामुळे तिच्यासोबत मीही राजारामपुरीतील एका रशियन संभाषणवर्गाला सहा रविवार बसलो. व्याकरण बेताचेच शिकवले. परंतु होकार देण्याच्या शब्दांवर घालवलेल्या दोन रविवारांतच फी वसूल झाली.

‘दा’ म्हणजे ‘हो’ एवढ्या शिदोरीवर रशियन माणसाशी फार वेळ बोलता येत नाही. ‘खराशो’ म्हणजे साधे ‘बरं’. ‘लाद्ना’मध्ये मात्र पुष्कळदा ‘बरं बाबा, तू म्हणशील तसं’ असा वाद सोडून दिल्याचा सूर असतो. समोरच्याचे म्हणणे पटले तर ‘तोच्ना’, म्हणजे ‘अगदी बरोबर’. मला सर्वांत आवडला तो ‘दगवरीलिस’. बोलून एकमत झाले, असे हे भूतकाळी रूप, आणि भेट तर उद्याची असते! पण आपणही उद्या सकाळी मिसळ खायला जायचे असले, की आजच ‘ठरलं!’ म्हणून मोकळे होतो, त्यामुळे वर्गात कुणालाच ते समजावून सांगावे लागले नाही. ‘दा न्येत’ने मात्र सर्वांची दांडी उडाली, कारण ‘हो’ आणि ‘नाही’ शेजारी बसवून त्यातून निघतो तो ‘छे, नाही’ असा सौम्य नकार.

शिक्षिका हे सारे संवादांतून, न कंटाळता घोटून घेतात. तक्रार आहे ती छापील टिपणांबद्दल. त्यांत ‘अर्थातच’ या अर्थाचा शब्द अक्षरागणिक ‘कोनेच्नो’ असा दिला आहे. प्रत्यक्षात आघात नसलेला ‘ओ’ ‘अ’कडे झुकतो, या शब्दात ‘च’चा ‘श’ होतो आणि कानावर पडते ते ‘कन्येश्ना’. शिवाय ‘मी सहमत आहे’ यासाठी केवळ ‘सग्लासिन’ हे पुल्लिंगी रूप छापल्यामुळे भाची आठवडाभर तेच पाठ करत राहिली. स्त्रीने ‘सग्लास्ना’ म्हणायचे असते, हे पुढच्या रविवारी कळले.

कान तयार करण्यासाठी हा वर्ग जरूर लावावा, टिपणांवर मात्र विसंबू नये. ती दुरुस्त करावीत असे मी सुचवले, तेव्हा संचालक हसून ‘लाद्ना’ म्हणाले. ‘खराशो’ म्हणाले असते तर मी अधिक निश्चिंत झालो असतो.