सिझरनंतर सात महिने साबुदाण्याच्या गोळ्या

होमिओपॅथीची अर्निका 200 ही गोळी, दिवसातून तीन वेळा, टाक्यांसाठी स्टॅफिसॅग्रिया 30, आणि वरून लावायला कॅलेंडुलाचं मदर टिंक्चर, म्हणजे मूळ अर्क. जुलै 2024 च्या पहिल्या आठवड्यात माझं सिझर झालं, तेव्हापासून जानेवारीपर्यंत हे सगळं नेमानं घेतलं. मध्ये आठ दिवसांचा खंड पडला, आणि खरं तर त्या आठ दिवसांमुळंच हे लिहायला बसलेय.

होमिओपॅथी मावशीनं सुचवली. पेनकिलर दुधातून बाळाला जाते ही भीती घरात सगळ्यांनाच होती, त्यामुळं अर्निका आल्या आल्या चौथ्या दिवशी मी पॅरासिटामॉल बंद केली. त्या रात्री कुशीवर वळून कॉटवरून उठायला मला दहा मिनिटं लागली. खोकला आला की उशी पोटाशी आवळून धरायची, आणि शिंक आली तर देवाचं नाव घ्यायचं. नंतर सिझर केलेल्या डॉक्टर मॅडम चांगल्याच चिडल्या. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन ठरलेल्या डोसात अंगावर पाजताना चालतं. उलट दुखतंय म्हणून बाई पडून राहिली तर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. हे मला डिस्चार्जच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

होमिओपॅथीच्या डॉक्टरांबद्दल मात्र एक चांगलं सांगायलाच हवं. त्यांनी पाऊण तास ऐकून घेतलं. झोप लागते का, रडू येतं का, ऑपरेशन करावं लागलं याचा राग मनात आहे का. दाबून ठेवलेल्या रागावर स्टॅफिसॅग्रिया देतात म्हणे. मी तिथंच ढसाढसा रडले. तोवर मला कुणीच असलं काही विचारलं नव्हतं, सगळे टाके आणि बाळाचं वजन विचारायचे. बाहेर पडताना खरंच हलकं वाटलं, आणि तेव्हा तर एक गोळीसुद्धा जिभेवर ठेवली नव्हती.

पथ्याची गंमत वेगळीच. कांदा, लसूण, कॉफी बंद. कोल्हापुरात! आई दूध यावं म्हणून तुपात लसूण भाजून देत होती आणि डॉक्टरांचं लसणावर बोट. शेवटी आईच जिंकली. पांढऱ्या रश्श्याची वाटीही चौथ्या आठवड्यात परत आली.

आता तक्रार. नवव्या दिवशी टाक्याचा उजवा कोपरा लाल, गरम आणि ओलसर झाला. होमिओपॅथीच्या डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "औषध लागू पडतंय, आधी वाढतं मग उतरतं. टिंक्चर लावत राहा." टिंक्चरमध्ये अल्कोहोल असतं, ओल्या जखमेवर ते असं झोंबलं की डोळ्यांतून पाणी आलं. मी दोन दिवस थांबले. अकराव्या दिवशी 101 ताप आणि कापडावर वास येणारा पिवळा डाग. आईनं कुणालाही न विचारता रिक्षा बोलावली. दोन टाके उघडून पू काढला, अँटिबायोटिक सुरू झालं, आणि आठवड्यात कोपरा सुकला. कुणाच्याही सिझरला इन्फेक्शन होऊ शकतं, त्याचा दोष मी गोळ्यांना देत नाही. दोष आहे तो "आधी वाढतं" या वाक्याला. त्यापायी माझे दोन दिवस गेले.

मग ते आठ दिवस. माझं माहेर पन्हाळ्याच्या बाजूला. जुलैच्या शेवटी पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, केर्लीजवळ कोल्हापूरच्या रस्त्यावर पाणी आलं. नेमक्या तेव्हाच बाटल्या संपल्या. नवरा शहरात, मी गावात. सुरुवातीपासून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दहापैकी किती दुखतंय तो आकडा लिहीत होते, खाली 'गो' म्हणजे गोळी घेतली. पंधराव्या दिवशी 5, तेविसाव्या दिवशी 3. त्यानंतर आठ चौकटींत 'गो' नाही, आणि एकतिसाव्या दिवशी 2. पाणी उतरलं, गोळ्या आल्या, आकडा त्याच चालीनं 1 वर गेला. कॅलेंडर कितीही वेळा पाहिलं तरी गोळ्या कुठं थांबल्या ते आकड्यांवरून ओळखता येत नाही. एका बाईचं कॅलेंडर म्हणजे काही संशोधन नव्हे, पण ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेनं 2015 मध्ये सगळे अभ्यास चाळून हेच म्हटलं होतं, की होमिओपॅथी कुठल्याही आजारावर गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

औषधाच्या नावापुढचं 30 म्हणजे काय तेही तेव्हाच समजून घेतलं. एक थेंब औषध नव्याण्णव थेंबांत, त्यातला एक थेंब पुन्हा नव्याण्णवांत, असं तीस वेळा. बाराव्या वेळेनंतरच मूळ औषधाचा एखादा रेणू उरला असण्याची शक्यता जवळपास संपते. 200 म्हणजे तेच दोनशे वेळा. साखरेची गोळी मात्र शंभर टक्के असते.

तरी जानेवारीपर्यंत का घेतल्या? व्रण जाड होऊ नये म्हणून. व्रण आता बारीक, फिकट आहे. पण माझ्या जाऊबाईंनी फक्त खोबरेल लावलं, त्यांचाही तसाच आहे. व्रण वर्षभर आपोआप मऊ आणि फिकट होत जातो, असं मॅडम म्हणाल्या.

व्रणाच्या वरचा चार बोटांचा पट्टा अजून बधिर आहे. तिथल्या बारीक नसा कापल्या जातात, त्या परत यायला महिने लागतात. सलवारीची नाडी तिथं बसली की मधूनच मुंग्या येतात. मागच्या महिन्यात तेवढ्याही येत नव्हत्या.