अंगणवाडीची बाग: वाफा की डबे?

अंगण असेल तर मी डोळे झाकून वाफ्याच्या बाजूने. तीन ते सहा वर्षांच्या पोरांना माती उकरायला, चिखलात हात घालायला, गांडूळ दिसलं की ओरडायला जागा लागते. डब्यात ती मजा नाही. मेथी टाका. चार-पाच दिवसांत उगवते, महिन्याभरात खुडायला येते. लहान मुलाचा धीर तेवढाच! वांगी-टोमॅटो नंतर बघू. स्वतः खुडलेली मेथी खिचडीत पडली की एरवी ताटाच्या कडेला सारलेलं पानही पोरं चाखून बघतात.

पण माण-खटाव किंवा जतकडे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीच मारामार, तिथे वाफा कुठून भिजवणार? तिथे तेलाचे रिकामे डबे बरे. पत्र्याच्या कडा ठोकून बोथट करा, बुडाला भोकं पाडा. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी त्यांना पुरतं आणि ऊन वाढलं की सावलीत सरकवता येतात. सांगली-साताऱ्यात भाड्याच्या खोलीत भरणाऱ्या अंगणवाडीला तर दुसरा पर्यायच नाही. शिवाय प्रत्येकाला आपला डबा मिळतो. ‘माझी कोथिंबीर’ म्हणून रोज डोकावणं होतं, भांडणंही होतात.

महाबळेश्वर-पाटणच्या पावसात सपाट वाफ्यात पाणी साचून रोपं कुजतात. तिथे गादीवाफा, म्हणजे जमिनीपासून उंच उचललेला वाफा करा. कृष्णाकाठच्या चिकट काळ्या मातीत शेणखत सढळ हाताने मिसळा, पण चांगलं कुजलेलंच.

आणि कुंपणाला कण्हेर नको. दिसायला छान, पण विषारी, अन् या वयात सगळं तोंडात जातं.