ह्युबर्ट बाल्स फंड: सिनेमा कागदावर असताना पैसे देणारे लोक

मराठीत पटकथा लिहिणाऱ्याला पैसे कधी मिळतात? नॅरेशन, म्हणजे निर्मात्याला ऐकवलेली गोष्ट, आवडलं तर टोकन, शूटिंगची तारीख ठरली तर आणखी थोडे, आणि बाकीचे ‘रिलीज होऊ दे, मग बघू’. राज्य सरकारचं अनुदान आहे, पण तेही सिनेमा पूर्ण झाल्यावर, समितीने पाहून दर्जा दिल्यावर. तोवर निर्मात्याने घर गहाण टाकलेलं असतं. त्यामुळे गोष्ट अजून कच्ची असताना पैसे देणारी कुठलीही योजना मला वाचण्याआधीच अर्धी आवडलेली असते. पुढचं वाचताना माझा हा पक्षपात धरून चाला.

मी पुण्यात पटकथा लिहितो आणि मित्रमंडळींचे परदेशी अर्ज ठाकठीक करून देतो, मोबदला म्हणजे मिसळ. या अर्जांत सगळ्यात जास्त वेळा येणारं नाव ह्युबर्ट बाल्स फंडाचं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाचा हा फंड 1988 पासून सुरू आहे आणि त्याला महोत्सवाच्या संस्थापकाचं नाव दिलंय. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका, मध्यपूर्व आणि पूर्व युरोपातले काही देश, म्हणजे जिथे स्वतंत्र सिनेमाला घरचा पैसा सहसा मिळत नाही, तिथल्या दिग्दर्शकांसाठी. भारत त्यात येतो.

आपल्या कामाची योजना म्हणजे संहिता आणि प्रकल्प विकासाची. मदत 10,000 युरो, आजच्या भावाने दहा लाखांच्या आसपास. मुंबईतल्या निर्मात्याला हा आकडा सांगा, तो हसेल. पण लेखकाला विचारा! घरभाडं निघतं, मालिकेचे एपिसोड पाडायचं काम काही महिने बाजूला ठेवता येतं, लोकेशनवर जाऊन राहता येतं, तिसरा ड्राफ्ट लिहिता येतो. आपले कितीतरी सिनेमे दुसऱ्या ड्राफ्टवरच शूट होतात आणि ते पडद्यावर दिसतं.

मात्र या पैशात सिनेमा होत नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ला लेखनाच्या टप्प्यावर हेच अनुदान मिळालं होतं. सिनेमा उभा राहिला तो विवेक गोम्बरने निर्माता म्हणून पैसा घातल्यामुळे. त्यातला बचाव पक्षाचा वकील तोच. 2014 मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात ओरिझोंती या विभागातलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक मिळालं, मग राष्ट्रीय पुरस्कार. पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’लाही या फंडाचा हात लागला, पण पुढे फ्रान्स, नेदरलँड्ससह अनेक देशांचा पैसा जोडावा लागला, तेव्हा कुठे तो 2024 मध्ये कान चित्रपट महोत्सवातून ग्राँ प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, घेऊन आला. फंडाचा खरा उपयोग इथे आहे. रॉटरडॅमने होकार दिला की पुढची दारं किलकिली होतात. युरोपातला को-प्रोड्युसर निदान ईमेल उघडतो.

आता खटकणाऱ्या गोष्टी. अर्ज इंग्रजीत. ट्रीटमेंट (गोष्ट पडद्यावर कशी उलगडेल त्याचं सविस्तर टिपण), दिग्दर्शकाचं निवेदन, बजेट, पैसा कुठून उभा करणार त्याचा आराखडा, सगळं इंग्रजीत. सांगलीचा किंवा नांदेडचा पोरगा, ज्याच्याकडे गोष्ट आहे पण कॉन्व्हेंट नाही, तो इथेच गळतो. शेकडो अर्जांतून मोजके निवडतात, त्यामुळे हातावर पोट असलेल्याने यावर भिस्त ठेवू नये. तिसरी गोष्ट जरा नाजूक. अशा फंडांसाठी लिहिताना आपण नकळत युरोपला आवडेल अशी गरिबी लिहायला लागतो. हा दोष फंडाचा म्हणण्यापेक्षा आपल्या अंदाजाचा. ‘कोर्ट’मध्ये सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, कुटुंबाला घेऊन मराठी नाटकाला जातात, रॉटरडॅमला काय रुचेल असा हिशोब करून हे प्रसंग सुचत नाहीत.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक इंग्रजीपायी कापला.

अर्ज करणार असाल तर निवेदन आधी मराठीत लिहा, मोठ्याने वाचा, मगच इंग्रजी करा. बजेटमध्ये स्वतःचं मानधन शून्य दाखवू नका. आपल्याकडे तो त्याग वाटतो, तिकडे वाचणाऱ्याला वाटतं की याला हिशोब जमत नाही. आणि परदेशातून पैसा कुणाच्या नावावर, कुठल्या कारणाखाली येणार, हे सीएला अर्जाआधी विचारा. निवड झाल्यावर बँकेत धावाधाव नको.