झिजलेल्या फॉन्टचे अठराशे रुपये

शाहूपुरीत माझे डिझाइनचे छोटे दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात एका तालमीच्या कुस्ती मैदानाचे पोस्टर आणि टी-शर्ट करण्याचे काम आले. वस्तादांना जुन्या छापखान्यातल्यासारखी अक्षरे हवी होती, अंगाने अरुंद, उंचीला भरपूर आणि शाई कुठे लागली, कुठे सुटली अशी. मागणी रास्त होती. अरुंद अक्षर तेवढ्याच रुंदीत अधिक उंच बसवता येते, म्हणून लाकडी खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरठशांच्या, काळापासून भित्तिपत्रकांच्या मथळ्यांना ते सोयीचे ठरत आले आहे, आणि वापरून वापरून खिळ्यांच्या कडा झिजत, तोच झिजलेपणा आज मुद्दाम आणला जातो. कुस्तीला आणि मिसळीच्या दुकानाच्या पाटीला तो शोभतो; लग्नपत्रिकेला सहसा नाही आणि बारीक मजकुराला तर मुळीच नाही.

देवनागरीत असे फॉन्ट थोडे, म्हणून समाजमाध्यमावरच्या एका जाहिरातीला मी भुललो. "सर, ठसे हाताने उमटवून केलाय, व्यावसायिक परवाना कायमचा," असे सांगून विक्रेत्याने नमुन्याचे एकच चित्र पाठवले. टाइप करून पाहण्यासाठी चाचणीची फाइल मागितली, तर चोरी होते म्हणून देत नाही, असे उत्तर आले. तिथेच थांबायला हवे होते. पण सवलत संध्याकाळपर्यंतच होती आणि मी यूपीआयने १,८०० रुपये पाठवून मोकळा झालो.

फॉन्ट बसवून 'कुस्त्यांचे जंगी मैदान' टाइप केले. 'स्त्या' जुळलेच नाही. स आणि त पाय मोडून वेगवेगळे उभे राहिले. जोडाक्षरे बांधण्याचे नियम फॉन्टच्या फाइलमध्येच असतात, आणि कुणीतरी अक्षरांच्या कडा खरवडून फाइल नव्याने काढताना ते गळून गेले होते. मग पडद्यावर मोठे करून पाहिले, तेव्हा 'कुस्त्यांचे'मधल्या कान्यावर डावीकडे ज्वारीच्या दाण्याएवढी जी चीर होती, तीच, त्याच उंचीवर, 'मैदान'च्या कान्यावरही होती. हाताने उमटवलेले दोन ठसे इतके सारखे येत नाहीत. चांगले कारागीर अशा फॉन्टमध्ये एकाच अक्षराची दोन-तीन रूपे ठेवतात, ती याच कारणासाठी.

शंका आली म्हणून फाइलची माहिती उघडली. नाव बदललेले होते, पण स्वामित्वाची जुनी ओळ पुसायची राहिली होती. ती अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीच्या 'टेको'ची होती. 'टेको' हा अरुंद फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. त्याच्या खुल्या परवान्यानुसार त्यात बदल करायला मोकळीक आहे, मात्र मूळ किंवा बदललेला फॉन्ट नुसता, स्वतंत्रपणे विकता येत नाही, आणि बदललेली प्रतही त्याच परवान्याखाली द्यावी लागते. म्हणजे कायमचा व्यावसायिक परवाना म्हणून मी जे विकत घेतले, ते विकण्याचा त्या माणसाला अधिकारच नव्हता.

पैसे परत मागताच मला ब्लॉक करण्यात आले. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. रक्कम अजून आलेली नाही.

मैदानाची तारीख जवळ होती, म्हणून मूळ 'टेको'त मथळा जुळवून कागदावर काढला, तो खडबडीत फरशीवर ठेवून मेणाच्या खडूने घासला आणि स्कॅन केला. टी-शर्टसाठी बारीक ठिपके काढून टाकावे लागले, कारण स्क्रीन छपाईच्या जाळीत ते धरत नाहीत, आणि मोठे ओरखडे तेवढे ठेवले. वस्तादांनी छपाई उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "आता कसं, जुनं वाटतंय की."

परवा एका मित्राने नवी जाहिरात दाखवली. फॉन्टचे नाव वेगळे, किंमत २,२००, चित्रातला मथळा एका यात्रेचा, आणि त्यातल्या प्रत्येक कान्यावर डावीकडे तीच चीर.